साहेब आले की पाणी जातं

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे प्रत्यक्षात सहाच अंगं टेकतात, उरलेली दोन माझ्याकडे बाकी समजा.) तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? बदकं मजेत असतीलच, त्यांना काय धाड भरली आहे! पत्र एवढ्यासाठी की फोन तुम्ही हल्ली उचलत नाही. तुमची बहीण म्हणते, तिकडे वरच्या अंगाला रेंज नसते. तिला मात्र दिवसातून दोनदा मिळते. यंत्रांचं आणि माझं वाकडं आहे, दुसरं काय.

तर आमच्या परसातल्या ओढ्यावर मी बसवलेलं वीज करणारं चाक तुम्ही पाहिलंच आहे (पाहून 'ही कसली चक्की' म्हणाला होतात, ते मी विसरलेलो नाही). ओढा तुमच्या तळ्यातून निघून खाली आमच्याकडे येतो, म्हणजे बदकांचं उष्टं पाणी आम्ही वापरतो, पण चाकाने कधी नाक मुरडलं नाही. वर्षभर झकास चाललं. गल्लीतली वीज गेली की सगळीकडे काळोख आणि आमच्याकडे लख्ख! मग काय विचारता, समोरचा शिंपी मशीन उचलून थेट आमच्या पुढच्या खोलीत, त्याच्यामागून शेजारणी, पोरंटोरं, आणि तुमची बहीण चहावर चहा करतेय. मी मधोमध उभा राहून चाकाची माहिती देतो. (तीच, दर वेळी. कोणी अडवत नाही, कारण दिवा कोणाचा?) मुलगी नोकरीसाठी लांब गेल्यापासून एरवी घर खायला उठतं, पण लाइट गेले की पाय ठेवायला जागा नसते. नुसता वैताग.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मध्येच उपटला सूर्यवंशी. हे त्याचं आडनाव नव्हे. छपरावर पॅनल लावून सूर्याची वीज करतो म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. त्याची उरलेली वीज कंपनीच्या लाइनमध्ये जाते आणि मीटर उलटा फिरतो, हे तो भेटेल त्याला सांगतो. (इतकी वीज घरात असून भर दुपारी लाइट गेले की हा आमच्याच पंख्याखाली येऊन का बसतो, हे मला आजवर उलगडलेलं नाही. खोड असते एकेकाला.) परवा म्हणतो कसा, तुमची वीज म्हणजे विहिरीतला बेडूक, घरातल्या घरात उड्या मारते. लागलं हो मला. भर गल्लीत सांगून बसलो की माझीही वीज कंपनीच्या लाइनला जोडणार आणि माझाही मीटर उलटा फिरणार. आता माघार घेतली तर नाक गेलंच म्हणायचं.

कंपनीचे साहेब आले आणि त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. त्यातलं निम्मं मला कळलं आणि उरलेल्या निम्म्यामुळे तेही कळेनासं झालं. माझी वीज एकदा तारेत गेली की ती माझीच म्हणून ओळखायची कशी, असं मी विचारलं, तर त्यांनी पाणी मागितलं. म्हणे कंपनीच्या विजेने आणि आपल्या विजेने पावलाला पाऊल जुळवून चालायचं, नाहीतर मधला डबा आत घेत नाही. म्हणजे लग्नासारखंच, असं म्हणून मी तुमच्या बहिणीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शिवाय लाइन गेली की आपलंही बंद झालं पाहिजे, तारेवर चढलेल्या माणसाच्या जिवाला धोका नको, असंही काहीसं म्हणाले. मी 'अर्थात, अर्थात' म्हणालो. (कुठली लाइन, कोण चढलाय, देव जाणे.) तुमची बहीण मात्र चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी उभी राहिली आणि तिने तेच पुन्हा दोनदा विचारून घेतलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, उशिरा का होईना, माझ्या चाकात हिला रस वाटायला लागला.

आणि मग ती चाचणी. सकाळपासून चाक भिंगरीसारखं फिरत होतं. साहेबांनी डबा उघडला, तारा जोडल्या, आणि चाक मंदावलं, कण्हलं आणि बसलं! ओढ्यात जे काय ओलं उरलं होतं त्यात एक खेकडा उभा होता, तोही गोंधळलेला. साहेब गेले, आणि चहाचे कप विसळून होताहेत तोवर पाणी धो धो परत. दुसऱ्या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून काठावर बसलो, जाळीवरचं पान न् पान वेचलं. साहेबांचा निघाल्याचा फोन आला तसं तुमच्या बहिणीला ओरडून सांगितलं. ती लगबगीने फोन घेऊन आत गेली (तुम्हाला माझ्या यशाची बातमी द्यायला म्हणून, माणसाने इतकंही भाबडं असू नये). साहेबांनी डब्याला हात लावला आणि पुन्हा ठणठणाट! शिंपी म्हणतो साहेबांचा पायगुण. सूर्यवंशी नुसता हसतो, ते जास्त झोंबतं. मला तर वाटायला लागलंय की ओढा साहेबांना बुजतो.

येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता शेवटची चाचणी. या वेळी चाक थांबलं तर प्रकरण कायमचं बंद, असं साहेबांनी हात जोडून सांगितलंय. दादा, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, माझा जीव तुटतोय. हे चाक मी माझ्या हातांनी केलंय. एकदा, फक्त एकदा, मला मीटर उलटा फिरताना बघायचाय.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, बदकांना नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा
(तूर्त एवढीच ओळख शाबूत आहे)

ता. क. – खरं काम हेच. गुरुवारी तुम्ही जातीने तळ्यापाशी उभे राहा. फांदी अडकते, जनावर आडवं पडतं की बदकं काही करतात, ते बघा. माझा संशय बदकांवर आहे. वरच्या अंगाला तुमच्याइतका भरवशाचा माणूस मला दुसरा नाही.

आणखी एक ता. क. – यातलं बहिणीला काही कळू देऊ नका, माहेरच्या बदकांवर आळ घेतला म्हणून माझ्यावर उखडेल. पत्र टाकायला तिच्याच हाती देतोय, गुडघ्यामुळे. पण पाकीट घट्ट चिकटवलंय.

दादा, पाकिटाचा डिंक ओला होता. वाचलं सगळं. वाचून पोटात तुटलं रे, पण काय करू? साहेब बोलले ते ह्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. एकदा लाइनला जोडलं की गल्लीतले दिवे गेले की आपलेही जाणार, चाक कितीही फिरो. सूर्यवंशी आपल्या पंख्याखाली का येतात, ते आता तुला कळलं असेल. हे मीटर बघून दोन दिवस नाचतील, आणि मग पहिल्यांदा लाइट गेले की काळोखात आम्ही दोघंच भिंतीकडे तोंड करून बसू. शिंपी येणार नाही, कोणीच येणार नाही. लाइट गेल्यावर चार माणसांत उभं राहून चाकाची माहिती देतात ना, तेव्हा ह्यांचा चेहरा बघायला ये एकदा. त्यालाच हे वैताग म्हणतात. तेव्हा गुरुवारी माझा फोन आला की तळ्याच्या तोंडाला फळी घालच, आणि नीट ठोकून बसव, मागच्या वेळी कडेने गळत होती. जातीने उभा राहा असं ह्यांनीच लिहिलंय, तेवढं त्यांचं ऐक.