अपेक्षित तास

२ मे, सकाळी
मेडिकल स्कूलच्या अर्जांचं पोर्टल उघडलं. माझी तिसरी खेप. मागच्या दोन वेळा मी कमी पडलो नव्हतो, यादी कमी पडली. बक्षिसं, सेवा, अनुभव यांना मिळून पंधरा रकाने असतात, मी आठच भरले होते. यंदा पंधराच्या पंधरा. संकल्प: आठवड्यात यादी पक्की. गोड बंद.

४ मे
पोटमाळ्यावरून बक्षिसांचं खोकं काढलं. बर्फावरच्या मासेमारीत तिसरा. (स्पर्धक तीनच होतो, पण ते कोण विचारतंय?) सहावीत शंभर टक्के हजेरी. ती 'सातत्य' म्हणून घालता येईल.
आजोबा खोकं धरायला जिना चढू लागले आणि चौथ्या पायरीवर बसले. म्हणाले, जिना वाढवलास काय रे, डॉक्टर? आई गेल्यापासून मला आणि माझ्या बहिणीला, एल्माला, त्यांनीच वाढवलं. मी दुसरीत असल्यापासून मला डॉक्टर म्हणतात. वय ब्याऐंशी, व्यायाम शून्य. त्यांना रोज चालायचा सल्ला दिला.

९ मे
गोड सोमवारपासून बंद. आजोबांनी वेलचीचा गोड पाव केला होता, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.
सर्वात महत्त्वाचा अनुभव ठरला: हृदयविकारतज्ज्ञांच्या मागे उभं राहून काम पाहिलं, चाळीस तास. दोनदा त्यांनी कोट माझ्या अंगावर अडकवला, बहुधा स्टँड समजून. लिहिलं, 'डॉक्टरांचा विश्वास संपादन केला.'
आजोबा म्हणाले, परसात सौना तापवतो, ये वाफ घ्यायला, शनिवार आहे. म्हटलं, अर्जाचा निबंध लिहायचाय. म्हणाले, बरं, निदान सरपण तरी आत आणून दे. म्हटलं, उद्या.

१५ मे
बारा रकाने झाले.
आजोबा हल्ली पलंग सोडून खुर्चीतच झोपतात. म्हणे, आडवं झालं की खोली लहान होते. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, हेच खरं. टपालपेटीपर्यंत सपातांवर जातात. बूट आखडले म्हणे. दमट हवेत चामडं आखडतं, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. पँटही पोटाशी घट्ट होतेय. म्हणजे तब्येत भरतेय. जेवण मात्र अर्धं टाकतात.

२१ मे
चौदा झाले, पंधरावा काही सुचेना. मिलवॉकीहून एल्माचा फोन. म्हणाली, आजोबांकडे तूच बघतोस ना, मग तेच लिही की. मग विचारलं, त्यांना बोलताना दम का लागतो? म्हटलं, फोन स्वयंपाकघरात आहे, चालत यावं लागतं. ती म्हणाली, तू घरात आहेस म्हणून मला घोर नाही.
रकाना पंधरा: 'वृद्ध कुटुंबीयाची शुश्रूषा.' झालेले तास सव्वीस. (केस कापायला नेलं, दाढीचं सामान आणलं, बाकी थोडं इकडे-तिकडे.) सव्वीस फारच दरिद्री दिसतात. पण शेजारी आणखी एक जागा असते: अपेक्षित तास, म्हणजे येत्या वर्षात करणार ते. तिथे तीनशे टाकले. अगदी मनापासून. दर शनिवारी सौना, रोज संध्याकाळी तळ्यापर्यंत फेरी.
साक्षीदाराचं नाव आणि फोन लागतो. आजोबांचाच दिला. म्हणाले, कुणी विचारलं तर सांगेन, पोरगा सोन्यासारखा आहे. तास किती सांगू? म्हटलं, तीनशे. म्हणाले, एवढे आहेत का रे माझ्याकडे? आणि हसता हसता खोकत बसले.

३० मे
अर्ज पाठवला. आता त्यात काही बदलता येत नाही. पाव खाल्ला, चार तुकडे.
आजोबा म्हणाले, आज तरी सौना? मी फार दमलो होतो. पुढच्या शनिवारी नक्की.

३ जून, हॉस्पिटल
सकाळी आजोबांना श्वास घेता येईना. अॅम्ब्युलन्सने आणलं.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आडवं झोपता येतं? खुर्चीत झोपतात. पाय सुजले होते? बूट चढत नव्हते. पोट? पँट घट्ट झाली होती. जिना? चौथ्या पायरीवर बसतात. सगळी उत्तरं मला तोंडपाठ होती, मी भराभर देत गेलो. एकही चुकलं नाही.
बाई लिहायच्या थांबल्या. विचारलं, तुम्ही त्यांच्याच घरात राहता? हो म्हटलं. त्या म्हणाल्या, हृदय कधीचंच थकलंय, छातीत पाणी भरलंय, फार उशीर झाला. मी सांगितलं, या विषयाचे माझे चाळीस तास झालेत. का सांगितलं, कळत नाही.

५ जून
आजोबा गेले. एल्मा वाटेत होती.

१२ जून
अर्जाच्या कार्यालयाला लिहिलं, पंधराव्या रकान्यातले अपेक्षित तास शून्य करा. उत्तर आलं, पाठवलेल्या अर्जात बदल होत नाही.
म्हणजे तिथे अजून तीनशे आहेत.

१९ ऑगस्ट
एका कॉलेजची मेल. रकाना पंधराच्या साक्षीदाराचा फोन बंद आहे, हे काम पाहिलेल्या दुसऱ्या कुणाचं नाव कळवा.
एल्माला विचारलं, तुझं नाव देऊ? म्हणाली, मी काय पाहिलं रे? मी विचारायची आणि तू म्हणायचास, सगळं ठीक आहे. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडत होती.
मेलला उत्तर लिहिलं, दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. पाहण्यासारखं मी काही केलं नव्हतं, हे लिहून खोडलं. मग पुन्हा लिहिलं आणि तसंच पाठवलं.
सरपण अजून परसातच पडलंय, पार भिजलंय. आज आत आणतो.