खांबामागचं नाटक

नागपूर, २ डिसेंबर १९६३

कलाच्या बाबांले पुष्पाचा वाकून नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. दुखत नाही. दोन्ही डोळ्यांले पट्टी हाय, म्हणून बाजूच्या खाटेवरची शालूबाई हे पत्र लिहून राह्यली. कला वक्तावर जेवते ना?

पडल्या पडल्या मले नांदुऱ्याचं ते संगीत नाटक आठवते. लग्नाले वरीसही झालं नव्हतं. माह्यासमोर तंबूचा खांब आल्ता, काहीच दिसे ना. तुम्ही कानाशी सांगत होते, "राणी रडून राह्यली. आता राजा आला. पाह्य, त्याची मिशी सुटली!" मी एवढी हासली की मांगचा म्हातारा वैतागला, "बाई, गाणं ऐकू दे वं!" तवा तुम्ही मले आपल्या जागेवर बसवलं, अन् उरलेलं नाटक खांबामागून नुसतं ऐकलं. तेवढी खुशी मले पुन्हा कधी झाली नाही.

सोमवारी पट्टी सोडतील. डॉक्टर म्हणते, दिसंल. कापसाची वेचणी राहू द्या, रविवारच्या गाडीनं या. मी भेत नाही. पण तुम्ही आल्याबिगर पट्टीले हात लावू देणार नाही, असं नर्सबाईले सांगून ठेवलं हाय.

तुमची वाट पाहणारी,
पुष्पा