कोरा नमुना

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे सुखरूप आहेत. बोलणं मी तोडलं होतं, तेव्हा सुरुवातही मीच करते. तुझा गुडघा काय म्हणतोय? आमचे हे हल्ली हौसेनं स्वयंपाक करतात आणि मी निमूट खाते.

तू मागे विचारलं होतंस, "दिवसभर त्या प्रयोगशाळेत करतेस तरी काय?" तर ऐक. दिवस राहिल्याचं अगदी सुरुवातीलाच सांगणारी पट्टी बनवतेय. विषय मी निवडला नाही, गळ्यात पडला. दिवस राहिले की लघवीत जे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, उतरतं, ते पकडणारा लेप पट्टीवर द्यायचा. ते सापडलं की विजेचा प्रवाह बदलतो. पण लेपातून विद्युतभार पुढे सरकेचना. मी आपली लेपावर लेप चढवतेय! अगं, स्वतःच भिंत बांधायची आणि वर म्हणायचं, पलीकडचं ऐकू का येत नाही? शेवटी लेप पातळ केला, त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण मिसळले. काय सांगू, भार सुळकन पलीकडे! मी खुर्चीतच नाचले.

मग नवीनच भानगड. तुलनेला एक कोरा नमुना लागतो, ज्यात ते संप्रेरक नसतंच. तो कायम माझा. दोनदा ओटी रिकामी झालेली मी, माझ्याइतकी कोरी कोण? आणि हा कोरा नमुनाच आकडा दाखवायला लागला! पट्ट्या बदलल्या, द्रावणं ओतून दिली, तारा तपासल्या. सर वैतागले, "यंत्रातच खोट आहे, सोड." मी कसली सोडतेय! शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या हातात बाटली दिली. "विज्ञानासाठी काय काय करावं लागतं," म्हणत बिचारा गेला. त्याचा आकडा शून्य. परत माझा लावला. शून्य नाही. आज सकाळी तर कालच्यापेक्षा मोठा.

पाळी चुकली ती दगदगीनं, असं मी धरून चालले होते. यंत्राला शिव्या घातल्या, पण स्वतःकडे बघायचं सुचलं नाही. खरं म्हणजे सुचू दिलं नाही. यांना अजून बोलले नाही. फार भीती वाटतेय गं. तरी उद्याचा आकडा बघायला कधी एकदा सकाळ होतेय, असं झालंय.

मागच्या वेळी तू बाळासाठी विणलेली टोपी मी परत पाठवली होती. ती इतक्यात पाठवू नकोस. फक्त उसवून टाकली नाहीस ना, तेवढं कळव.

तुझी,
कोरी न राहिलेली धाकटी