डावीकडचा स्पीकर

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. फोनच करणार होतो. तीनदा तुझा नंबर काढला, पण तू उचललास तर बोलायचं काय आणि नाही उचललास तर समजायचं काय, या दोन प्रश्नांत अडकलो आणि ठेवून दिला. पत्राचं एक बरं असतं, मध्येच कुणी गप्प करत नाही. शिवाय माझं अक्षर लावता येणारी घरात तू एकटीच.

तर बातमी अशी की आपला बँड, म्हणजे आता आमचाच म्हणायचा, अखेर रेकॉर्डिंग करतोय. इतकी वर्षं लोकांचे वाढदिवस वाजवण्यात गेली, आपली स्वतःची पाच गाणी वहीतच राहिली. आता आपल्या ड्रमवाल्या ठोक्याची बदली झालीय, तीही अशा ठिकाणी की ड्रम नेण्यापेक्षा तिकडे नवे घेतलेले परवडतील. पुढच्या महिन्यात तो जाणार. म्हणजे ही गाणी आत्ता झाली तर झाली, नाहीतर कधीच नाही. स्टुडिओ निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण आपल्या मामेभावाने जाहीर केलं की बँडमध्ये कान असलेला मी एकटाच, बाकीच्यांना ते चष्मा अडकवायला दिलेत. गिटार अजून तोच वाजवतो. हल्ली गातोही तोच. गातो म्हणजे शब्द वेळेवर सांगतो.

आधी आम्ही काचेच्या दारांच्या मोठ्या स्टुडिओत गेलो. दाराशीच माशांची टाकी. दर ऐकल्यावर ठोक्या बराच वेळ माशांकडे बघत राहिला आणि आम्ही नुसतं पाणी पिऊन परत आलो. मग गेलो दातांच्या दवाखान्याखालच्या तळघरात. डॉक्टरांचा मेहुणा तिथे स्टुडिओ चालवतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, वरून ड्रिलचा आवाज झिरपतो, पण रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा तीही अडचण नव्हती. मेहुण्याने नमुना म्हणून एक गाणं लावलं. मी डोळे मिटून ऐकलं आणि सांगून टाकलं, तुमचा डावीकडचा स्पीकर गेलाय. तो म्हणाला, परवाच तपासलाय. मी हट्टाला पेटलो. तुला माहितीये मी कसा पेटतो ते. बिचाऱ्याने स्पीकरच उचलून अदलाबदल केली, इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. मी पुन्हा म्हणालो, डावीकडचाच. त्याने डोकं खाजवलं, वायरी ओढून बघितल्या, शेवटी ओशाळून दर कमी केला.

बाहेर आल्यावर मामेभावाने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पायरी चुकलो. म्हणे, घासाघीस करावी तर अशी, तोंडातून आकडा न काढता. दोघांनाही दोन्ही स्पीकर खणखणीत ऐकू येत होते गं. त्यांना वाटलं मी डाव टाकला. मीही हसलो आणि आयतं श्रेय खिशात घातलं. पण घरी येईपर्यंत डोक्यात भुंगा लागला होता. अदलाबदल केल्यावर बिघाड उजवीकडे जायला हवा होता, एवढं तर मलाही कळतं.

तरी म्हटलं, एक जागा अजून बघू. टायरच्या दुकानावर एका बाईंचा स्टुडिओ आहे. बाई पूर्वी रेडिओवर बातम्या सांगायच्या, त्यामुळे चहा घेता का हे विचारतानाही काहीतरी गंभीर घडल्यासारखं वाटतं. खोलीत जाड पडदे, जुन्या गाद्या आणि माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. दर तळघरापेक्षा जास्त, काचेच्या दारांपेक्षा खूप कमी. त्यांनी गाणं लावलं आणि डावीकडून पुन्हा तेच, तोंडावर उशी धरून कुणी गातंय असं. माझ्या तोंडून निघून गेलं. मामेभावाने ठोक्याला कोपर मारलं, अस्त्र निघालं म्हणून, आणि दोघं हसू लपवायला जिन्यात पळाले. बाई मात्र हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. त्यांनी मला खुर्चीसकट उलटं फिरवलं, स्पीकरकडे पाठ करून, आणि तेच गाणं पुन्हा लावलं. आता आधीचा चांगला स्पीकर उशीखाली गेला आणि बिघडलेला स्पष्ट गायला लागला. मी काही बोलायच्या आत बाई हळूच म्हणाल्या, "स्पीकर जागेवरच आहेत. फिरलात तुम्ही."

जिन्यातून ते दोघं परत आले तेव्हा बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं की स्पीकर एकदा तपासून घेऊ. दर मात्र एका पैशानेही उतरवला नाही.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डावा कान जवळजवळ गेलाय. एका दिवसात नाही, तीन-चार वर्षं हळूहळू जात होता म्हणे. मला कळलं कसं नाही? तर दिवसभर मी ड्रायव्हिंग शिकवतो. शिकणारा स्टिअरिंगवर, माझ्या उजवीकडे, आणि सगळी आरडाओरडही तिकडूनच. फोन उजव्या कानाला. बायको म्हणायची, ऐकून न ऐकल्यासारखं करतोस, पण ते तर सगळ्याच नवऱ्यांना ऐकावं लागतं. डॉक्टरांनी कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या. एक सरळ चाललेली आणि दुसरी जिना उतरावा तशी. मशीन लावता येईल, पण गेलेलं परत येणार नाही.

आता माझा नुसता गोंधळ झालाय. शनिवारपर्यंत स्टुडिओचं नाव सांगायचंय. तळघर स्वस्त आहे, पण त्या मेहुण्याला विनाकारण खोटं पाडून मिळवलेला तो दर घ्यायला मन धजत नाही. बाईंकडे जावं तर त्यांना माझं बिंग माहीत आहे. की त्यांना माहीत आहे म्हणूनच जावं? बँडला सांगितलं तर शेवटचा आवाज कोण जुळवणार, आणि नाही सांगितलं तर अर्धं न ऐकताच मी ठीक आहे म्हणणार. ठोक्या रोज विचारतो आणि मी रोज म्हणतो, विचार चाललाय. खरं तर विचार कसला, नुसता गरगरतोय.

पण हे पत्र स्टुडिओसाठी नाही गं. डॉक्टरांकडून आल्यावर मी आपल्या शेवटच्या सरावाचं रेकॉर्डिंग काढलं आणि उजव्या कानाला लावून ऐकलं. त्याच दिवशी मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो होतो की ताई, तुझा आवाज आता पोचत नाही, वय झालं, थांब. माइकची वायर नीट गुंडाळलीस आणि निघून गेलीस. सात वर्षं तू माझ्या डाव्या हाताला उभी राहून गात होतीस. परवा ऐकलं, तर तुझा आवाज जिथल्या तिथे आहे, कुठे कापरा नाही, कुठे कमी नाही, मामेभावाच्या गिटारवरून आरपार जातोय. आई सांगते, तेव्हापासून तू घरात साधं गुणगुणतसुद्धा नाहीस. माझ्या बहिऱ्या कानाचा दोष मी तुझ्या गळ्यावर टाकला आणि तू तो खरा मानलास, कारण बँडमध्ये कान माझाच, असं सगळे मानतात. माझं चुकलं, ताई. फार मोठं चुकलं. कानाचं मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही, आधी तुला लिहितोय. रेकॉर्डिंगला यावंसं वाटलं तर ये, वहीत सगळी गाणी तुझ्याच पट्टीत आहेत. नाही वाटलं तर नको येऊस, मी समजेन. पण घरी तरी गा. तुझ्या आवाजाला काहीही झालेलं नाही.

तुझाच,
चुकलेला धाकटा