लग्नात न उच्चारायचा शब्द

आईस लेकीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? क्योटोला आली नाहीस तेच बरं.

देवळात लग्न छान लागलं. विधीच्या तिन्ही प्याल्यांतली साके मी न सांडता प्यायले. जेवताना आपला कोसाकु चार शब्द बोलायला उठला आणि बोलून गेला, "ताई, सणाला घरी परत ये."

लग्नात 'परत' म्हटलं की नवरी माहेरी परत येते म्हणतात ना! "अपशकुनी कार्ट्या!" असं ओरडत तुझ्या जावयानं त्याच्या डोक्यात बाटली फोडली, खाली पाडून लाथा घातल्या. सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, रक्त उडतंय, किमोनो सांभाळ. भाड्याचा आहे."

कोसाकुला नऊ टाके पडलेत, पण जेवतोय. काळजी करू नकोस.

म्हणतात ते खरंच आहे, आई. उद्या दुपारच्या गाडीनं मी त्याला घेऊन परत येतेय.

तुझीच,
चिझुरु