नवव्या दिवसाचं फूल

प्रिय स्यू लानताईस, धाकट्या बून तेकचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इपोहची कॉफी डॉक्टरांनी बंद केली तरी पीत असशीलच. माझी पाठ सोडली तर इथे सिंगापुरात सगळं ठीक. (पाठीचं पुढे येतंच आहे.)

पारवा-ऑर्किड तुला माहीत आहेच. जोराची सर आली की मोजून नवव्या दिवशी पहाटे उमलतं, संध्याकाळी मान टाकतं. मी कॅलेंडरवर गुपचूप खूण केली होती. सकाळी सातला बागेत जातो तो काय, आमचं अख्खं छायाचित्र मंडळ तिपायांसकट हजर! नऊपर्यंत मोजता सगळ्यांनाच येतं म्हणायचं. बाकीची फुलं झाडावर वीस फूट वर, हाताशी एकच घोस, आणि त्यासमोर आमचे निवृत्त तेओ मास्तर ठाण मांडून. आधी त्यांनी बाटलीतून पाणी फवारलं (म्हणे दव!), मग काडेपेटीतली मेलेली मधमाशी चिमट्याने पाकळीवर बसवली. ताई, ही कला? उद्या मढ्याला पावडर लावून लग्नाचा फोटो काढतील. मोबाइलवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. अंगठा दाबला की झाले छायाचित्रकार.

मी मास्तरांच्या बाजूला कसाबसा घुसलो आणि भिंग काढायला पिशवीवर वाकलो (पाठ तेव्हाच भरली), तोच मागे कडकन आवाज झाला. घोस चिखलात! सगळ्यांनी वळून पाहिलं तर चिमटा मास्तरांच्या हातात. सेक्रेटरी गोहबाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, यंदा प्रदर्शनात तुमचा फोटो लागणार नाही." चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस, डोळे भरून आले त्याचे. मला वाईट वाटलं गं. पण करावं तसं भरावं.

भाओजींना नमस्कार.

तुझा सरळमार्गी भाऊ,
बून तेक

ता. क. घोसाला धक्का माझ्या बुडाचा लागला. तू ताई म्हणून सांगतो. तिथेच कबूल करणार होतो, पण गोहबाईंनी प्रदर्शनातली मास्तरांची समोरच्या भिंतीवरची जागा लगेच मला देऊन टाकली. मग कसं बोलणार?

आणखी ता. क. माझा एकही फोटो निघालेला नाही. मंगळवारी इपोहला धो धो कोसळला असं पेपरात वाचलं. तुझ्या आंब्यावर हेच ऑर्किड आहे ना? पुढच्या गुरुवारी पहाटे मोबाइलने फोटो काढून पाठव, खाली नाव मी माझं घालीन. दव नसलं तर चार थेंब शिंपड. मधमाशी सोबत पाठवली आहे. मास्तरांचीच आहे, जपून वापर.