चष्मिस आली नाही

३ मार्च, मंगळवार

नाही गं बाई, लागत नाही तिचा फोन! — लंबूने तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा हेच सांगितलं. छत्तीस वर्षांनी कॉलेजच्या चौघी भेटायच्या म्हणून तिच्या अंगात आलंय. शाळेत कवायत घेऊन घेऊन आवाज असा झालाय, की फोन हातभर लांब धरला तरी कान बसतो. कामंही तिनेच वाटली. टेलरीण जुने फोटो आणणार. जागा माझी — ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, आता नको म्हणणारं कोण! — आणि चष्मिसला बोलावणं माझ्याकडे. नंबर लंबूनेच मिळवून दिला. "ती नसेल तर कसली भेट!" म्हणे.

वसतिगृहात चष्मिसची खाट माझ्या शेजारी. मी खेड्यातल्या शाळेतली. इंग्रजीच्या तासाला तिच्याच वहीत डोकं खुपसून बसायचे.

५ मार्च

लंबू : "पत्र टाक तिला." टाकते म्हटलं.

७ मार्च

सून विचारते, "आई, उद्या ताटं तीन की चार?" चार मांड म्हटलं, लंबू दोघींचं खाते.

८ मार्च, रविवार

आल्या. लंबू चांगलीच वाकलीय. म्हटलं, "आता तुला नुसती बू म्हणायचं का गं?" पाठीत धपाटा बसला. हात अजून कवायतीचाच! टेलरिणीने बसायच्या आधी माझी बाही ओढून पाहिली. "कुणी शिवलंय हे? खांदा उतरलाय. काढून दे." पर्समध्ये टेप घेऊनच हिंडते.

दारावरच्या पाटीला लंबूने सलाम ठोकला. पाटीवर माझ्या नावापुढे बी. ए. लग्नानंतर महिन्याभरात ह्यांनी करून घेतली. स्वतः मॅट्रिक, पण पाहुण्याला पाण्याआधी पाटी दाखवायचे.

चौथं ताट तसंच राहिलं. लंबू धुसफुसली, "मोठी वकील झाली ना, आपल्याला कशाला विचारते!" टेलरीण म्हणाली, "अशी नव्हती गं ती. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा चार दिवस बसून होती." मी म्हटलं, "तिच्या त्या जाड काचांतून माणसं लहानच दिसायची." दोघी खो खो हसल्या.

जाताना लंबूने फोन काढला, माझ्यासमोर चष्मिसचा नंबर पुसला. "संपलं. पुन्हा तिचं नाव काढायचं नाही."

बरं म्हटलं.

९ मार्च

"आई, जेवत का नाही?" — दाढ दुखतेय म्हटलं.

११ मार्च, बुधवार

फोन पहिल्याच दिवशी लागला होता. दुसऱ्या घंटीला उचलला तिने. "बोला," म्हणाली. तोच आवाज. मी ठेवून दिला. मग दोनदा तिचाच आला. उचलला नाही. पत्रबित्र काही टाकलं नाही.

शेवटच्या वर्षाला मी नापास झाले. निकालाच्या फळ्यापाशी गर्दीत तीच घुसली होती. बाहेर येऊन लंबू-टेलरिणीसमोर ओरडली, "चौघीही पास!" आणि माझा हात घट्ट दाबला. नंतर कुणाकडे चकार शब्द काढला नाही. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

रविवारीही ती बोलली नसती. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी नाही बोलावलं.